मुर्ध्याच्या केंद्राचे श्रोते

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल वाटू द्यावी. मी कुणाला गळ घालत नाही. पण हे जिच्यासोबत घडलं ती संपदा माझी सख्खी आतेबहीण आहे, आणि ती घाबरून गोष्टी रचणाऱ्यांतली नाही. उलट भांडकुदळ म्हणून आमच्या घराण्यात तिचं नाव आहे.

आणि हो, यात रात्र नाही, अमावस्या नाही.

भर दुपार होती. गेल्या वर्षीचा मे महिना. मीरा रोडजवळच्या मुर्धे गावच्या खाडीला लागून असलेलं जुनं रेडिओ केंद्र.

एफएम नव्हे. एएम. गाणी नाहीत, नुसतं बोलणं.

मिठागरं जोरात होती तेव्हा हे केंद्र उभं राहिलं. खारट ओल्या जमिनीवरून एएमच्या लहरी लांब जातात म्हणे, म्हणून मनोरा थेट चिखलात रोवला. सकाळी भरती-ओहोटीच्या वेळा, मग मासळीचा भाव, आणि दुपारी फोनवरच्या गप्पांचा कार्यक्रम, 'बोला, ऐकतोय'. तो बाळाराम पाटलांनी सुरू केला. फोन करणाऱ्याला ते पहिला प्रश्न एकच विचारायचे.

"पाणी कुठवर आलंय?"

कारण खाडीच्या तोंडाकडच्या मिठागरातला माणूस भरती कुठवर आली ते सांगायचा आणि आतले ते ऐकून बांधाची दारं लावून घ्यायचे. रेडिओमुळे मिठाचं पीक वाचायचं. पुढे मिठागरं गेली, इमारतींचे टॉवर आले, पण प्रश्न तोच राहिला. मीरा रोडच्या फ्लॅटमधून उत्तर यायचं, "कसलं पाणी हो, टँकरची वाट बघतोय!"

बाळारामकाका गेल्यावर कार्यक्रम संपदाकडे आला. दहिसर सोडून हाटकेशला राहायला आलेली ही मुलगी, तिला काकांनीच बोलायला शिकवलं होतं. या केंद्रावर तिचा भारी जीव.

तेच केंद्र बंद व्हायचं होतं. कारण काय, तर श्रोते नाहीत.

मुख्य कचेरीतून जितेंद्र नावाचे साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं.

"मॅडम, आज शेवटची संधी. एक कार्यक्रम करा. श्रोत्यांचे फोन आले तर तसा रिपोर्ट देतो. नाही आले तर..."

"येतील," संपदा म्हणाली.

"बघू की," साहेब हसले. ते हसणं तिला तेव्हाच खटकलं.

लाल दिवा लागला. संपदानं माइक जवळ ओढला.

"नमस्कार मंडळी. बोला, ऐकतोय."

फोन गप्प.

ती बोलत राहिली. उन्हाबद्दल, बोंबलाच्या भावाबद्दल, घोडबंदरच्या ट्रॅफिकबद्दल. तोंडाला कोरड पडली तरी थांबली नाही. काचेपलीकडे साहेब मोबाईल चाळत बसले होते, निवांत.

मग एक गोष्ट तिच्या लक्षात आली.

हेडफोनमध्ये कायम एक बारीक घूं... असतं. जुनी यंत्रं, ती घुमणारच. एवढ्या वर्षांत तो आवाज कधी थांबला नव्हता.

तो थांबला होता...

आणि फोन वाजला.

संपदाला हायसं वाटलं. साहेबांकडे तिनं मुद्दाम बघितलं, आता बोला म्हणून.

साहेब उभे राहिले होते. चेहरा पांढराफटक.

तिला कळेना, एका फोनला एवढं काय घाबरायचं? तिनं रिसीव्हर उचलला.

"बोला, ऐकतोय. पाणी कुठवर आलंय?"

पलीकडून पाण्याचा आवाज येत होता. नुसतं पाणी... बांधाच्या फटीतून आत शिरतं तसं.

मग एक म्हातारा आवाज.

"दारापरेंत आयलाय गो बाय. मी शेवंती. मी हाय ना, मी रोज आयकतंय."

संपदाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

शेवंतीआजी रोज फोन करायच्या, खरं आहे. पण त्यांच्या बाराव्याला संपदा स्वतः जेवून आली होती.

"आजी... तुम्ही..."

"कोन म्हनतो कोनी आयकत न्हाय? बोलाव त्याला फोनवर!"

पलीकडून फोन ठेवला.

तिनं रिसीव्हर ठेवताच फोन परत वाजला.

"आत्माराम बोलतोय. हाटकेशच्या मिठागरातून. पाणी बांधाच्या कडेला लागलं, दारं लावून घ्या."

हाटकेशला कसलं मिठागर! संपदाची स्वतःची बिल्डिंग तिथे उभी होती, खाली केकवाला आणि मोबाईलचं दुकान.

तेवढ्यात दार ढकलून धर्मेशभाई आत आले. केंद्राची यंत्रं तेच सांभाळायचे. कपाळावर घाम, हातात काळी वायर. तिचं टोक नुसतंच लोंबत होतं.

ते माइकला ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजले, "ताई, ये फोन की लाइन है. बाहेर खांबावरून तोडलीय. सुबह से. फोन वाजतोय कसा?"

फोन वाजतच होता.

संपदानं काचेतून साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान खाली घातली.

आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

साहेब फोन आला म्हणून घाबरले नव्हते. फोन येऊच शकत नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून घाबरले होते. लाइन त्यांनीच तोडायला लावली होती. शेवटची संधी म्हणे!

ती मला नेहमी सांगते, "भीती वाटत होती गं. पण त्या माणसाचा राग इतका आला, इतका आला, की भुतं परवडली म्हटलं."

तिनं रिसीव्हर उचलला.

पलीकडे एक खाकरणं. ते खाकरणं तिनं लाखात ओळखलं असतं.

"संपदा... वेळ सांगितली नाहीस पोरी."

तिचे डोळे भरून आले. कार्यक्रमात मधूनमधून वेळ सांगायची, हे काकांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आणि आज ती विसरली होती.

"सांगते काका," ती म्हणाली. आणि तिनं वेळ सांगितली. आवाज कापू दिला नाही.

त्यानंतर फोन थांबलेच नाहीत. राई गावचा कुणी, मोर्व्याचा कुणी, घोडबंदरच्या धक्क्यावरची एक बाई. काही नावं तिनं ऐकलेली, काही तिच्या जन्माआधीची. प्रत्येकाला तिनं तोच प्रश्न विचारला, प्रत्येकाला हवेवर घेतलं.

कार्यक्रम संपला. लाल दिवा विझला. हेडफोनमधली घूं... परत आली.

साहेब आत आले.

"हे बंद करा मॅडम. ही माणसं... जिवंत नाहीत."

"रिपोर्टमध्ये काय विचारलंय साहेब?"

"श्रोते आहेत का."

"मग? जिवंत आहेत का, असं विचारलंय?"

साहेब रिपोर्टचा कागद चाळू लागले.

"लाइन तोडलीत तरी ज्यांनी फोन केला, त्यांच्याहून पक्के श्रोते कुठून आणू? लिहा. नाहीतर लाइन कुणी तोडली ते उद्या मी हवेवर सांगते. ऐकायला माणसं आहेत, तुम्ही बघितलंत."

साहेबांनी लिहिलं. खाली सहीही केली.

केंद्र आजही चालू आहे. श्रोत्यांसाठी आता मोबाईल नंबर आहे, धर्मेशभाईंच्या पुतणीनं, भाविकानं, तो सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकलाय. हयात माणसंही बरीच बोलतात, भांडतातही. जुना फोन संपदानं टेबलावरून हलवू दिलेला नाही. वायर तशीच तुटलेली. तो अधूनमधून वाजतो आणि ती उचलते. आता तिला त्याचं काही वाटत नाही.

म्हणजे, वाटत नव्हतं. गेल्या महिन्यापर्यंत.

गेल्या महिन्यात भर कार्यक्रमात जुना फोन वाजला.

पलीकडे पाणी... आणि मग ओळखीचा, गोड आवाज.

"मॅडम, मी जितेंद्र. रोज ऐकतोय तुम्हाला. मला घ्याल ना हवेवर?"

साहेब गेले की काय, संपदाच्या मनात आलं. तिनं जाहिरात लावली, एका कानाला रिसीव्हर तसाच धरला आणि दुसऱ्या हातानं आपल्या मोबाईलवरून साहेबांचा नंबर लावला.

दोन रिंगांत उचलला.

"हां, बोला. कोण? मुर्ध्याच्या मॅडम?" साहेब खुशीत होते. मागे ऑफिसचा गलबला ऐकू येत होता. "चालू आहे का अजून तुमचं केंद्र? मी तर एकदाही लावलं नाही नंतर."

दुसऱ्या कानात तोच आवाज म्हणत होता, "मॅडम... घ्या ना..."

"साहेब, जपून राहा," ती कशीबशी म्हणाली. साहेब हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

जाहिरात संपत आली होती. धर्मेशभाई काचेपलीकडून हातानं नको, नको करत होते.

संपदानं माइक सुरू केला आणि त्या आवाजाला बाकीच्या श्रोत्यांसारखंच हवेवर घेतलं.

साहेब अजून तरी ठणठणीत आहेत. ती अधूनमधून कुणाकुणाकडून चौकशी करते. पण दुपार झाली की जुना फोन वाजतो. पहिला तोच गोड आवाज असतो.