बुक्का लावायचा राहिला

या, जवळ सरकून बसा. तो पंखा जरा बारीक करा, म्हणजे बोललेलं नीट ऐकू येईल. सांगते ती गोष्ट घडलेली आहे. ज्या घरात घडली त्या घरचा चहा मी प्यायले आहे. आणि जिचा जन्म कीर्तनं ऐकण्यात गेला, ती बाई असल्या गोष्टीत पदरचं घालत नाही.

भुतंखेतं रात्री फिरतात म्हणतात.

हे मात्र भर दुपारी झालं. रत्नागिरीत, २००६ च्या एप्रिलात, मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला एका छोट्या कौलारू घरात.

घरात दोघीच. भार्गवी, शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी, आणि तिची आई आनंदीबाई. वडील श्रीपतीबुवा कीर्तनकार. काय गळा होता! चिपळूणकडच्या एका गावात कीर्तनाला उभे असतानाच ते गेले.

कसे गेले, ते ऐका. पूर्वरंग, म्हणजे निरूपण, संपला. टाळांच्या ठेक्यावर नामाचा गजर सुरू झाला. अशा वेळी यजमान पुढे होऊन बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, आणि मगच बुवा उत्तररंगाला, म्हणजे आख्यानाला हात घालतात. त्या दिवशी बुक्क्याची वाटीच सापडेना. कोणीतरी आणायला धावलं. बुवा हसत उभे राहिले. गजर लांबत गेला.

बुवा खाली बसले...

ते पुन्हा उठलेच नाहीत.

त्या कीर्तनाची एकच कॅसेट होती, आणि आपल्या दमट हवेनं तिला बुरशी धरली होती. आनंदीबाईंचे कानही चालले होते. "ऐकू येतंय तोवर एकदा ह्यांना ऐकव गो," एवढंच त्यांनी लेकीकडे मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी बुवांची पुण्यतिथी. म्हणून भार्गवीनं टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि आवाज आत घ्यायला बसली.

गजरापर्यंत सगळं आत आलं. मग टेपची फीत तुटली. हात लावला तिथे तिचा भुगा होऊ लागला.

हरकत नव्हती. आवाज आत होता. फक्त सेव्ह करायचा राहिला होता.

तेवढ्यात त्या प्रोग्रामनं आपणहून स्वतःची नवी आवृत्ती बसवली. सकाळी त्यानं विचारलं होतं, तेव्हा हिनं न वाचताच 'हो' दाबलेलं. 'पुन्हा सुरू होत आहे' अशी पाटी आली. खिडकी मिटली.

आणि उघडलीच नाही.

भार्गवीनं पुन्हा क्लिक केलं. पाटी आली... 'प्रोग्राम आधीच चालू आहे.'

पडद्यावर तर काहीच नव्हतं.

कॉम्प्युटरवर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. ते घालून दिलेलं मुंबईच्या चुलतभावानं, सलिलनं. तिनं त्याला फोन लावला. त्यानं आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडायला लावली, आत काय काय चालू आहे त्याची यादी काढायला लावली. यादीत तो प्रोग्राम होता. जिवंत.

"ताई, जुना गेलेला नाही, म्हणून नवा उठत नाहीये," सलिल म्हणाला. "जुन्याला मार. किल लिही आणि पुढे त्याचा नंबर."

"आणि त्याच्या पोटात बाबा आहेत, त्यांचं काय?"

सलिलनं उलट विचारलं, सेव्ह न करता बसलीस, तर शाळेत पोरांना शिकवतेस तरी काय? भार्गवीला हसू आलं नाही.

आणि वीज गेली. दुपारचं भारनियमन. पंखा थांबला, यूपीएस पीं पीं करू लागला. थकलेला यूपीएस, चार मिनिटांचा जीव. सलिल घाईघाईनं सांगू लागला, की मरता मरता हे प्रोग्राम कधीकधी आतलं थोडंफार बाहेर टाकून जातात. नाही मारलंस, तर यूपीएसबरोबर सगळंच जाईल.

"मारून टाकू म्हणतोस?"

बोलताना तिचा आवाज चिरकला. तिनं नंबर लिहिला. डोळे मिटून बटण दाबलं.

यादी पुन्हा काढली...

तो होता. तिथंच.

सलिलनं आणखी कडक आज्ञा सांगितली. तिच्यापुढे काही टिकत नाही, म्हणाला. तिनं तीही दिली.

तो होताच.

मग यूपीएसची पीं पीं थांबली. त्याचा दिवा विझला. भार्गवीनं फोन खाली ठेवला, कारण...

पडदा अजून उजळलेला होता.

आणि स्पीकरमधून, अगदी हळू... टाळ वाजत होते. गाणं नाही, शब्द नाही. कोणी जागच्या जागी ठेका धरून वाट बघत उभं असावं, तसे.

आनंदीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हाक मारली तर ज्यांना ऐकू जात नसे, त्या दारात थांबून कान देऊन ऐकत होत्या.

"किती ताटकळवायचं गो त्यांना?"

त्या देवघरात गेल्या. बुक्क्याची डबी आणली. चिमटीभर बुक्का घेऊन पडद्याच्या काचेवर, बरोबर मधोमध, बोट टेकवलं.

"म्हणा आता," त्या म्हणाल्या.

टाळ थांबले.

यादीतला जुना प्रोग्राम गेला होता. खिडकी आपली आपण उघडली, आणि आत बुवांच्या आवाजाच्या नागमोडी रेघा जशाच्या तशा. भार्गवीनं आधी सेव्ह केलं. त्यानंतरच पडदा काळा झाला.

संध्याकाळी वीज आली, तेव्हा दोघी ऐकायला बसल्या. पूर्वरंग झाला. गजर झाला. जिथे फीत तुटली होती, ती जागा आली...

आणि बुवांनी उत्तररंग सुरू केला.

तोच गळा. ताजा, जसा आत्ता समोर उभा. आनंदीबाई हात जोडून रडत होत्या. भार्गवी मात्र दुसरंच ऐकत होती.

बुवांच्या आवाजामागे खालच्या बंदरातल्या ट्रॉलरचा भोंगा होता. यूपीएसची पीं पीं होती. आणि एक बारीक, चिरकलेला आवाज...

"मारून टाकू म्हणतोस?"

तिथे बुवा थांबले. एक श्वासभर.

मग पुन्हा गाऊ लागले.

त्या कॉम्प्युटरला माईक कधीच नव्हता.

आख्यान अर्ध्यावर तुटतं. पुढची ओळ घ्यायला बुवा श्वास घेतात, तिथे. आरती नाही. आणि आरतीशिवाय कीर्तन संपत नाही, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

आनंदीबाई आता नाहीत. त्या जुन्या कॉम्प्युटरला पुण्यतिथीला बुक्का लावते ती भार्गवी. टाकून दे म्हणून सलिल मागे लागतो, ती टाकत नाही. एखाद्या सुन्न दुपारी बंद स्पीकरकडे बघत बसते, म्हणे. काही ऐकू येतं का, ते मी विचारलं. तिनं चहाचा कप पुढे केला.

एवढं करा. कधी कीर्तनाला बसलात, गजर सुरू झाला, की बुक्क्याची वाटी जागेवर आहे ना, ते बघा. आणि श्रीपतीबुवांची आठवण काढा.

उभेच आहेत ते अजून.