ब्रेकमधली हवा

तो पहिल्यांदा आमच्या गॅरेजात आला, तो थेट जुन्या टायरांच्या ढिगात. गोल डोळ्यांची, साठ वर्षांची गाडी. डावीकडे अशी कललेली, जणू कुणाच्या कानात काहीतरी सांगायचंय. तो उतरला, आधी टायरांना "सॉरी" म्हणाला. मग मला.

"ब्रेक लागत नाहीत."

"टायरांनाही कळलंय ते."

रविवारी त्याच्या आईचं लग्न होतं. बासष्टाव्या वर्षी, दुसरं. आणि तिला याच गाडीतून जायचं होतं... टेकडीवरच्या घरून, उभ्या उतारावरून.

मी गाडीखाली शिरले. मागच्या डाव्या स्प्रिंगचे दोन पाटे तुटलेले, एका चाकाचा ब्रेक सिलिंडर गळत होता. दोन्ही बदलले. गाडी सरळ उभी राहिली. बाबांचे गुडघे गेल्यापासून ब्रेकचं हे माझं एकटीचं पहिलं काम. त्यात बाबांचा नियम : ज्यानं ब्रेक केले, त्यानं पहिल्या फेरीला मालकाशेजारी बसायचं. भीतीनं काम चोख होतं म्हणे.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोघं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी स्क्रू सैल करायचा. तो पुन्हा घट्ट झाल्यावरच पाय उचलायचा. आधी उचलला, की हवा परत आत.

तो पेडलवर बसला.

"दाबलंत?"

"दाबलं. तुमच्या नाकाला ग्रीस लागलंय."

"पेडल बघा, नाक नको."

तीन दिवस झाले, हवा आतच, पेडल मऊच. रात्री स्वप्नात त्याची आई नटूनथटून उतारावरून सुसाट जायची आणि जाताना मला हात करायची. चौथ्या दिवशी शेवटचं चाक संपलं, तेव्हा मी पान्हा खाली ठेवला.

"नाही जमलं तर... मी हे काम सोडते. बाबांना सांगते तसं."

त्यानं पेडल एकदा दाबलं. मग म्हणाला, "दगडासारखं झालंय पेडल."

मी स्वतः दाबून बघायला हवं होतं. पण मला ते खरं असायला हवं होतं ना! उडी मारून शेजारी बसले.

उताराच्या तोंडाशी त्यानं ब्रेक दाबला. पेडल तळाला गेलं. गाडी नाही थांबली.

"सांगणार होतो," तो पांढराफटक पडत म्हणाला. "सपाट रस्ता लवकर संपला."

"काय सांगणार होतात?"

"मी पाय आधी उचलायचो. मुद्दाम... रोज. काम संपलं असतं, तर यायला कारण काय राहिलं असतं? आणि आज तुम्ही रडकुंडीला आलात, म्हणून खोटं बोललो."

"गाढवा! गिअर खाली घे! पेडल भराभर मार, मारत राहा!"

मी हँडब्रेक ओढला. त्यावर त्याचा हात आला. घरं, खांब, एक घाबरलेली कोंबडी... सगळं भराभर मागे. इंजिन किंचाळत होतं, मीही. भराभर मारल्यावर पेडलला थोडा जीव आला, आणि समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीमागे आम्ही वीतभर अंतरावर थांबलो.

तिथल्या मास्तरांनी खिडकीतून डोकं काढलं. "बघा," ते शिकणाऱ्या काकूंना म्हणाले, "असं अंतर ठेवायचं."

मी आधी हसले, मग रडले. मग एकदम आठवलं.

"म्हणजे माझ्या कामात चूक नव्हती?"

"एकही नाही. चारही दिवस."

"तू मला चार दिवस जिवंतपणी मारलंस."

"हो." तो समोरच्या गाडीकडे बघत म्हणाला, "मला... तू आवडतेस. आता उतरून जा म्हणालीस तरी चालेल."

हँडब्रेकवरचा हात त्यानंही काढला नव्हता, मीही नाही.

"आज संध्याकाळपर्यंत ब्रेक पक्के होणार," मी म्हणाले. "पेडलवर बाबा बसतील, गुडघे दुखले तरी. तू समोर स्टुलावर, मला दिसशील असा. हात मांडीवर, पाय जमिनीवर."

"आणि काम संपल्यावर?"

"स्टूल कुणी मागणार नाहीये," मी म्हणाले. "बसून राहा."