उत्तरेस चिंचेचे झाड

औक्षण खरं तर एकदाच करायचं असतं. पण निवडणुकीचा अर्ज भरायला निघालेल्या उमेदवाराचं ते तीनदा होतं. एकदा कॅमेऱ्याचा उजेड बघायला, एकदा माइकचा आवाज बघायला आणि एकदा देवासाठी. सांगलीत पद्माकर वेल्हाळांच्या दारात सकाळी साडेनऊला दुसरं औक्षण उरकलं होतं. कॉलरला माइक लावून वेल्हाळ फोनवर सभेची जागा समजावून सांगत होते.

"लिहून घ्या. पूर्वेस पाण्याची टाकी, पश्चिमेस शाळेची भिंत, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस माळ्यांचा गोठा."

बावीस वर्षं तलाठी होते ते. नोकरी सुटून आमदारकी आली, तरी चतुःसीमा सुटली नाही. चष्मा कुठे ठेवलाय विचारलं, तरी चारही बाजू सांगायचे. घरात यावरून हसून हसून पोटं दुखायची.

इरावती, त्यांची एकुलती मुलगी, निरांजनात वात सारखी करत होती. वय सव्वीस. आईने फोनवर रडून बोलावलं म्हणून ती पुण्याहून आली होती. दारातले पत्रकार तिच्याकडे जरा बिचकूनच बघत होते, कारण त्यांच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तिने बनवलेलं 'पालट' नावाचं अ‍ॅप होतं.

पालटचं काम सोपं होतं. त्याला उमेदवाराच्या घरच्यांबद्दलची बातमी दाखवायची. ते नावं बाजूला काढायचं, उरलेली हकीकत घेऊन विरुद्ध पक्षाच्या घराकडे जायचं आणि तिथे तसंच काही घडलं होतं तेव्हा कोण काय बोललं, कुठल्या पानावर किती रकाने छापलं, ते शेजारी आणून ठेवायचं. बरं-वाईट काही म्हणायचं नाही.

परवाच 'दैनिक सांजवेध'ने पहिल्या पानावर बातमी दिली होती, विरोधी उमेदवार उज्ज्वलाताई थिटे यांचा मुलगा सौमित्र व्यसनमुक्ती केंद्रात असल्याची. वेल्हाळ म्हणाले, "मतदारांना हे जाणून घेण्याचा हक्क आहे." उज्ज्वलाताई म्हणाल्या, "राजकारण माझ्याशी करा, लेकरांना सोडा." पालटने पाच वर्षांपूर्वीची बातमी शेजारी ठेवली. तेव्हा इरा मनोरुग्णालयात होती. तेव्हाही हीच दोन वाक्यं बोलली गेली होती, फक्त तोंडं उलटी होती. अख्खा जिल्हा हसला. मग दोन्ही पक्षांच्या लोकांनी आपल्या सोयीची अर्धी बाजू कापून पुढे पाठवली.

"तुझं ते यंत्र माझ्याच मागे कशाला लागलंय?" फोन ठेवून वेल्हाळ हळू आवाजात म्हणाले.

"ते सगळ्यांच्याच मागे लागतं, बाबा."

"घरच्यांना थोडी सूट असते."

"सौमित्र वीस वर्षांचा आहे."

"त्याची आई उमेदवार आहे. मी काय करू?"

"मी एकवीसची होते."

वेल्हाळांनी उपरणं सारखं केलं. "ते वेगळं होतं."

ते वेगळं होतं. पालट बनवताना हे वाक्य इराने इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं होतं, की आता तिला त्याचं हसूही येत नसे. आज मात्र ते टोचलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्यासोबत पालट उभं करणारा इम्तियाज पुण्याहून बोलत होता.

"इरा, एकटी आहेस? सांजवेधने आज सकाळी जुनं दप्तर आपल्याला खुलं केलंय. बातम्या ज्यांवरून केल्या, ती टिपणंसुद्धा. पाठवणाऱ्याचं नाव काळं केलेलं आहे. पालटने त्यातली दोन शेजारी ठेवलीयत."

"कुठली?"

"सौमित्रची आणि तुझी. मजकुराची ठेवण शंभरात सत्त्याण्णव जुळतेय. एकाच माणसाची आहेत दोन्ही. आधी तू बघ."

ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याला टेकून तिने पहिलं टिपण उघडलं.

'सौमित्र थिटे, व्यसनमुक्ती केंद्र, तासगाव रस्ता. पूर्वेस द्राक्षबाग, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस पत्र्याचे शेड, उत्तरेस ओढा.'

दुसरं पाच वर्षांपूर्वीचं होतं.

'इरावती वेल्हाळ, मनोरुग्णालय, मागील इमारत, वरचा मजला. पूर्वेस परिचारिकांची खोली, पश्चिमेस जिना, दक्षिणेस व्हरांडा, उत्तरेस चिंचेचे झाड व पलीकडे धोबीघाट.'

इराने ते दोनदा वाचलं. मग तिथेच फरशीवर बसली.

त्या खोलीत ती सोळा दिवस होती. एका दुपारी औषधाच्या गुंगीतून जागी झाली, तर उशाशी पेढ्यांचा पुडा होता. तुमच्याकडचं कुणीतरी येऊन गेलं, असं परिचारिका म्हणाली होती. तिसऱ्या दिवशी बातमी आली, चार रकाने, खिडकीच्या फोटोसकट. घराबाहेर फक्त नमिताला ठाऊक होतं. शाळेपासूनची मैत्रीण. नमिताने आईची शपथ घेऊन सांगितलं, मी आलेच नव्हते. इराने तिच्या तोंडावर दार लावलं, ते आजवर उघडलं नव्हतं.

आणि बाबा? बाबांनी त्याच आठवड्यात भर सभेत डोळे पुसले होते. "दारात कॅमेरे आहेत. बाप असून मी लेकीला एकदाही बघायला जाऊ शकलो नाही." तीन हजार मतांनी निवडून आले होते. त्यातली निम्मी मतं त्या अश्रूंची होती, असं त्यांचेच कार्यकर्ते सांगायचे.

म्हणजे ते आले होते. ती झोपलेली असताना उशाशी पेढे ठेवून, खिडकीत उभं राहून त्यांनी चारही दिशा बघून घेतल्या होत्या. वैऱ्याने हे केलं असतं तर तिला राग आला असता. आता तिला नुसतं गार वाटत होतं, हात, पाय, सगळंच.

"इरा?" फोनवर इम्तियाज होता. "दहाला ही जुळणी सगळ्यांच्या फोनवर जाईल. तुझं आजारपण पुन्हा चव्हाट्यावर येईल. थांबवायचं असेल तर पालट चालवणाऱ्या आपल्या तिघांपैकी कुणीही थांबवू शकतं, पण कारण जाहीर करावं लागेल. नियम तूच घातला होतास."

"काय कारण लिहू?"

तिने दुसरं टिपण पुन्हा उघडलं.

"राहू दे," ती म्हणाली. "जाऊ दे दहाला."

तिने नमिताचा नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं.

बाहेरून आईची हाक आली. "इरा, चल गं. मुहूर्त टळतोय."

तिसरं औक्षण. वेल्हाळ उंबऱ्याच्या आत पाटावर उभे राहिले. दारात सात-आठ कॅमेरे होते. इराने तबक घेतलं, त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं.

"हस जरा," ते ओठ न हलवता म्हणाले.

तिने निरांजन एकदा ओवाळलं. मग तबक तसंच धरून विचारलं, "बाबा, माझ्या खोलीच्या उत्तरेला काय होतं हो?"

त्यांना विचार करायला वेळच लागला नाही. बावीस वर्षांची सवय होती.

"चिंच. आणि पलीकडं धोबीघाट."

मग त्यांनी वर पाहिलं. मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कॉलरच्या माइककडे पाहिलं आणि तोंड मिटलं. आईच्या चिमटीतल्या अक्षता चिमटीतच राहिल्या.

"अहो," आई म्हणाली, "तुम्ही तर तिकडं गेलाच नव्हता ना?"

दहा वाजले. दारातले सगळे फोन एकदम थरथरले आणि सगळ्या माना खाली झुकल्या. वाचायला फार वेळ लागत नव्हता, दोनच तर टिपणं होती. इराला वाटलं, आता या माना वर येतील आणि सगळे बाबांकडे वळतील. पाच वर्षांत पहिल्यांदा योग्य माणसाला प्रश्न विचारला जाईल.

सगळ्यात आधी सांजवेधच्या बातमीदार बाईंनी मान वर केली. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि त्यांनी हातातला माइक वेल्हाळांकडून वळवून इराच्या तोंडाशी धरला.

"मॅडम," त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "तुमचे उपचार अजून चालू आहेत का?"