ओ भाऊ, लाइट बंद करा!

"ओ भाऊ! तो लाइट बंद करा ना!"

शेजारच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढायला आलेला तरुण दचकला. त्याच्या डोक्यावर हॅलोजन असा भगभगत होता, की मनीषनगरात सकाळ झाली समजून कोंबडं आरवावं. कठड्यापलीकडे दामिनी उभी होती — कानटोपी, दोन स्वेटर, शेजारी तीन इंची दुर्बीण — आणि जानेवारीच्या थंडीतही चांगलीच तापलेली.

"काहून? झोपून राहिल्या का?"

"आठ वाजता? फोटो काढून राहिली मी, मृग नक्षत्राचा. तुमच्या लाइटात अख्खं मृग धुऊन चाललं!"

त्यानं आधी आकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे... जरा जास्तच वेळ.

"बंद करतो. पण एक अट. ते 'भाऊ' वापस घ्या."

आता नागपुरात रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत सगळेच भाऊ. कोणी मनावर घेत नाही. दामिनीला मात्र उगाच हसू आलं.

"फोटो नीट आला, तर पाहू."

त्याचं नाव अनिश. विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानं दुरुस्त करायचा, वामनरावांकडे भाड्यानं राहायचा. त्या दिवसापासून रोज आठ ते नऊ हॅलोजन बंद. तेवढ्या तासात दामिनी दोन-दोन सेकंदांचे फोटो काढत राही. दुर्बिणीला मोटर नव्हती; तारे सरकले, की श्वास रोखून बोटानं दुर्बीण सरकवायची. पलीकडच्या अंधारातून आवाज येई —

"आज किती झाले?"

"चाळीस. बोलू नका, बोट हलते."

"बोटच हलते ना?"

"बाकीचं तुम्हाले काय करायचं?" ती म्हणे, आणि तो एक फोटो हमखास बिघडे.

सदर भागात भरणाऱ्या फोटोंच्या प्रदर्शनासाठी तिला मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ हवा होता. "एवढ्याशा दुर्बिणीतून? तू आपला चंद्र काढ," असं आकाशप्रेमी मंडळातले एक बुजुर्ग हसून म्हणाले होते. ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं होतं. पंधरा दिवसांचे नऊशे फोटो तिनं संगणकावर एकावर एक रचले आणि तेजोमेघ उमलला — गुलाबी, पंख पसरलेला. दामिनी खोलीत एकटीच नाचली.

प्रदर्शनात तिच्या फोटोपुढून गर्दी हलेना. तेच बुजुर्ग आले, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि खालचं नाव न वाचताच शेजारी उभ्या अनिशचा हात हातात घेतला.

"वा! फार सुंदर काढलात."

"मी नाही, यांनी," अनिश म्हणाला. छाती मात्र त्याचीच फुगली होती.

"असं? मग भावानं मदत केली वाटतं!"

दामिनीनं तोंड उघडण्याआधीच मागून वामनराव बोलले, "मदत? अजी, मी याले म्हटलं, लाइट बंद केला त चोर येतीन. त हा म्हणे, लाइटच्या जागी मी राखण करतो. पंधरा दिस हातात काठी घेऊन थंडीत बसून राहिला हा पोरगा!"

अनिश आपल्या बुटांकडे पाहू लागला. दामिनीला वाटलं होतं, हा नुसता गप्पा मारायला गच्चीवर येतो...

"फोटो माझा आहे," ती बुजुर्गांना म्हणाली. मान ताठ, आवाज थोडा ओला. "माझ्याच दुर्बिणीतून काढला. अंधार यांचा आहे. आणि हे माझे भाऊ नाहीत."

"मग कोण?" हे अनिशनंच विचारलं, अगदी हळू.

तिनं पर्समधून पेन काढला. फोटोखालच्या कार्डावर 'छायाचित्र : दामिनी वानखडे' असं छापलं होतं. त्याखाली तिनं ठसठशीत अक्षरांत लिहिलं — 'अंधार : अनिश'.

"आडनाव काहून नाही लिहिलं माझं?"

"वर माझं आहे ना," दामिनी म्हणाली. "तेच चालवून घ्या."