छतावरचा चिकट डाग

"मी नाही प्यायले," ओर्ना तिसऱ्यांदा म्हणाली.

सात वर्षांच्या ओर्नावर कोणी विश्वास ठेवेना. पेसाह या ज्यू सणाच्या सुट्टीत ती, तिची मोठी बहीण निली आणि मावसभाऊ जुडा येरुहाम गावी एफ्राईममामाकडे आले होते. मामी आदल्या वर्षी वारली. म्हणून सणाच्या रात्रीच्या जेवणासाठी मनुकांचं सरबत या खेपेला मामाने स्वतः केलं होतं. कारखान्याच्या पाळीमुळे ऐन वेळी घाई नको, म्हणून चार दिवस आधीच. सहा बाटल्यांना घट्ट बुचं ठोकून त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, उन्हात ठेवल्या होत्या.

आज त्यांतल्या दोन उघड्या आणि अर्ध्या रिकाम्या सापडल्या. सणाच्या जेवणात घरातल्या सर्वांत लहान मुलाने चार प्रश्न विचारायचे असतात. ओर्ना दोन महिने ते पाठ करत होती. चोरून पिणाऱ्या मुलीने ते विचारायचे नाहीत, असं मामाने सांगून टाकलं.

निलीने वर पाहिलं. छतावर तपकिरी, चिकट डाग होता.

"जुडा, ओर्नाचा हात तिथे पोहोचेल?"

"ती तर नळाशीही चवड्यांवर उभी राहते," जुडा म्हणाला. एक बूच त्याला शेजारच्या खोलीत, खाटेखाली मिळालं.

मग त्यांनी एका छोट्या बाटलीत उरलेलं सरबत ओतलं, दुसरीत नुसतं पाणी. दोन्हींच्या तोंडावर फुगे चढवले आणि दोरा मामालाच बांधायला लावला, म्हणजे फुगे मुलांनीच फुगवले असं तो म्हणायला नको. मामा कुरकुरला, पण बांधला. बाटल्या उन्हात ठेवल्या.

संध्याकाळी पाण्यावरचा फुगा लुळा पडला होता. सरबतावरचा ताठ उभा होता!

उन्हाने फुगला असेल, मामा म्हणाला.

"ऊन दोन्हींना सारखंच लागलं, मामा," निली म्हणाली.

मनुकांतली साखर उबेत आंबते, तिचा वायू होतो आणि तो बूच ढकलतो, असं जुडा समजावत होता. तेवढ्यात तिसऱ्या बाटलीचं बूच फट्कन उडालं आणि छतावर आपटलं.

मामा खुर्चीत बसला. "तुमची मामी सरबत सणाच्याच दिवशी सकाळी करायची," तो हळू म्हणाला. "उघड्या पातेल्यात. का ते मी कधी विचारलं नाही."

मग त्याने ओर्नाला जवळ घेतलं. "माझं चुकलं, पोरी. प्रश्न तूच विचारायचे. आणि तुम्ही दोघं, शाबास. मी नुसती बाटली पाहिली, तुम्ही छत पाहिलंत."

ओर्नाने डोळे पुसले. "मामा, मला मनुका आवडतच नाहीत."