शिशाच्या पत्र्यावरचं नाव

रोमजवळच्या ओस्तिया बंदरातला पाववाला वारेनुस सकाळी दारूचा पेला संपवून भट्टीपाशीच कोसळला. श्वास चालू होता, पण शुद्ध नव्हती. त्याच्या उशाखाली शाप कोरलेला शिशाचा पत्रा सापडला, आणि वर्षापूर्वी दाकियाहून आणलेला गुलाम दुरास धरला गेला. दुपारी नगराधिकाऱ्याची माणसं त्याला न्यायला येणार होती. गुलामाला बोलतं करायची त्यांची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती.

"मास्तर, काहीतरी करा," वारेनुसची बायको पेत्रोनिया म्हणाली. "मालक गुलामाच्या हातून मेला, तर कायद्यानं घरातले सगळेच गुलाम मारले जातील. भट्टी कोण चालवणार?"

यूदेमुस व्याकरण शिकवायचा. जन्मानं ग्रीक, पूर्वीचा गुलाम; लॅटिन विशीनंतर शिकलेला. लोक आपली गुंतागुंत त्याच्याकडे घेऊन यायचे. सोबत त्याचा मित्र बुर्रुस होता, आग विझवणाऱ्या दलातून निवृत्त झालेला धिप्पाड गडी.

"पेल्यात विष कुणालाही घालता आलं असतं," बुर्रुस म्हणाला. "सुरई वाटेतच असते. पण पत्रा?"

"घरात लिहिता कुणाला येतं?" यूदेमुसनं विचारलं.

"मला नाही येत," पेत्रोनिया म्हणाली. "ह्यांच्या पुतण्याला येतं, ओर्फितुसला. आणि दुरास अक्षरं गिरवतो. पावांवर शिक्का मारता मारता शिकला."

यूदेमुसनं फळीवरचा पाव उचलला. शिक्का होता 'वारेनी', म्हणजे वारेनुसचा.

ओर्फितुस आला. बंदरावर लोकांची पत्रं लिहून देणं हा त्याचा धंदा. पत्रा त्यानं दोन बोटांत धरला. शिसं एका बाजूनं वेडंवाकडं कापलेलं होतं.

"ऐका. 'एगो दारे वारेनुस दोलोर कापितिस.' मी देणे वारेनुस दुखणे डोक्याचे! शब्दाला शब्द जोडायची अक्कल नाही. असं आमच्या घरात एकच जण बोलतो, मास्तर. काकांच्या जागी आता मलाच उभं राहावं लागेल, म्हणून म्हणतो, उगाच वेळ घालवू नका."

यूदेमुस बुर्रुसच्या कानात काहीतरी बोलला. बुर्रुसला ते पटलेलं दिसलं नाही, तरी तो निघून गेला.

दुरास पिठाच्या पोत्यांमागे उकिडवा बसला होता.

"सकाळी काय झालं?"

"वारेने पेला पिला. वारेने कापुत धरला." त्यानं दोन्ही हात डोक्याला लावले. "मी ओरडला. ओर्फिते आला, हसला."

"खोटारडा!" ओर्फितुस ओरडला.

बाहेर बुटांचा आवाज झाला. अधिकाऱ्याची तीन माणसं दारात उभी राहिली.

"घटकाभर थांबा," तो म्हणाला. "दुरास, तुझ्या मालकाचं नाव काय?"

"वारेने."

माणसं हसली.

"हसू नका. बाई, तुम्ही नवऱ्याला हाक कशी मारता?"

"'वारेने' अशीच. हाक मारताना तसंच म्हणतात ना?"

"तेच. लॅटिनमध्ये नावाचं शेपूट कामाप्रमाणे बदलतं. तो आला तर वारेनुस, हाक मारली तर वारेने, त्याचा पाव असेल तर वारेनी, त्याला काही दिलं तर वारेनो. हे तुम्ही आईच्या मांडीवर शिकलात. दुरास वर्षभर नुसत्या हाका ऐकतोय. पावावर वाचतो ते 'वारेनी'. त्यानं पत्रा लिहिला असता, तर या दोनपैकी एक लिहिलं असतं. 'वारेनुस' तो बोलतच नाही."

"कुठंतरी ऐकलं असेल," ओर्फितुस म्हणाला.

"असेल. मग 'कापितिस'चं काय? डोकं म्हणजे कापुत. दुरासला तेवढंच येतं, आत्ताच ऐकलंत. 'डोक्याचं' म्हणताना त्याचं 'कापितिस' होतं, हे नवख्याला अंदाजानं कधीच सुचत नाही. मला दोन वर्षं लागली, छड्या खाऊन. लिहिणाऱ्यानं क्रियापद मोडलं, नाव मोडलं, दुखणं मोडलं. मोडणं सोपं असतं. पण एके ठिकाणी हात सवयीनं बरोबर गेला. म्हणजे हा लॅटिन न येणारा माणूस नाही. ते येत नसल्याचं सोंग आणणारा आहे. आणि घरात लिहिणारे दोनच."

ओर्फितुस दाराकडे सरकला. दारात बुर्रुस उभा होता, हातात शिशाचा तुकडा.

"याच्या लेखणीच्या पेटीत होता," तो धापा टाकत म्हणाला.

यूदेमुसनं वेडीवाकडी कड पत्र्याला लावली. केसाइतकीही फट राहिली नाही.

"काका म्हातारा होऊन मरेपर्यंत मी बंदरावर खलाशांची प्रेमपत्रं लिहीत बसू?" ओर्फितुस किंचाळला. माणसांनी त्याला धरलं.

ते गेले. आत खाटेपाशी बसलेल्या वैद्यानं हाक दिली: वारेनुसनं पाणी मागितलं होतं. पेत्रोनिया रडत आत धावली, तशीच परत आली.

"दुरा, भट्टी थंड पडलीय! उठ लवकर!"

दुरास उठला. तो भट्टीत लाकडं रचू लागला.

"बाई, त्याला काही बोलणार नाही?" यूदेमुसनं विचारलं.

"काय बोलायचं?" तिला खरंच कळलं नव्हतं. "हे घ्या मास्तर, कालचे आहेत, पण मऊ आहेत."

बुर्रुसनं दोन पाव घेतले. यूदेमुसनं हात पुढे केला नाही.

"जिंकलास की," रस्त्यात बुर्रुस म्हणाला. "मग तोंड का असं?"

"मी गुलामीतून सुटलो होतो ना, त्या दिवशीही मला कुणी काही बोललं नव्हतं," यूदेमुस म्हणाला.