पालथं मडकं

"मडकं भरलंस का गं?"

आजोबांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. रोज सकाळी ते माझ्या आत्याला, मा फ्रूला, हेच विचारायचे.

ऐकीव गोष्ट नाही ही. मी तिथे होते. ब्रह्मदेशातल्या कलादान नदीकाठचं आमचं गाव, आजोबा गेले तो उन्हाळा. आणि रात्र नव्हे... भर दुपार.

आमच्या दाराशी वाटसरूंसाठी पाण्याचं मडकं असतं, वर करवंटी. भरलेलं दिसलं की वाटसरू थांबतो. पालथं दिसलं की पुढे जातो.

दुसऱ्या महायुद्धात याच वाटेने इंग्रजांच्या फौजेतले आफ्रिकेतले शिपाई जपान्यांशी लढायला जायचे. पायाखाली पाचोळा, डोक्यावर भार. त्या जंगलातल्या लढाईचं आज कुणी नाव घेत नाही. ते माघारी गेले तेव्हा एक जखमी मागे राहिला. संध्याकाळी आजोबांना तो वळणावरच्या चिंचेखाली सापडला. मेलेला. रक्ताचे थेंब आमच्या मडक्यापाशी थांबून पुढे गेले होते.

"निदान आपल्या घरचं पाणी पिऊन गेला," आजोबा म्हणायचे. तेव्हा आत्या उठून आत जायची.

त्या दुपारी मडकं मीच भरलं होतं. आम्ही दोघी ओट्यावर मिरच्या निवडत होतो.

रानातली किरकिर एकदम थांबली...

पावलं. जड, सावकाश. डोक्यावर ओझं असलं की पडतात तशी.

मडक्यापाशी थांबली...

टक्. टक्.

मी धावले. वाटेवर कुणी नव्हतं. मडकं पालथं होतं, करवंटी वर नीट ठेवलेली. खालची माती कोरडी ठणठणीत.

"माकड असेल, आत्या."

"हो ना! आणि जाताना करवंटी पुसून ठेवली असेल," ती म्हणाली. पण मिरच्या तिच्या हातातून सांडल्या होत्या.

मी पुन्हा भरलं. ओट्यावर येऊन बसते न बसते तोच...

टक्. टक्.

पुन्हा पालथं.

आत्या खाली उतरली. मडक्यासमोर गुडघे टेकले, हात जोडले.

आज आत्या नाही. मडकं मीच भरते. पण दुपारी त्या बाजूला बघायचा धीर अजून होत नाही. ती तेव्हा जे बोलली, ते तसंच सांगते.

"नदीवर जपानी शिपाई अंघोळ करत होते रे. मी भ्याले. पाण्याला गेलेच नाही. बाबांनी विचारलं, तर मी 'भरलं' म्हणाले, आणि ते रानात गेल्यावर मडकं पालथं घातलं. तू आलास तेव्हा मी या दाराच्या फटीतून बघत होते. तू बोटाने दोनदा वाजवलंस. घरात आमच्यापुरतं पाणी होतं. मी श्वाससुद्धा सोडला नाही..."

तिने कपाळ मडक्याला टेकवलं.

"तू तहानलेला गेलास. बाबा यायच्या आत मी मडकं सरळ करून ठेवलं. बाबांना हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही."